शरीररचना आणि उत्क्रांती: बाजाराच्या पिशवीतून सुरुवात करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. मुलं तो पाठ करतात, आकृत्या काढतात, आणि त्याच संध्याकाळी ताटातल्या कोंबडीच्या पंखात तीच आकृती चघळून टाकून देतात. शरीर हे कोऱ्या कागदावर आखलेलं नवं घर नाही. पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी करत वापरलेला तो जुना वाडा आहे, आणि जुन्या भिंती कुठे होत्या हे सुरी-कात्री घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथली बरीच उत्तरं परातीपासून सुरू होतात.

सुरुवातीला काय काय आणायचं?

दोन ताजे बांगडे, डोक्यासकट सात-आठ कोळंब्या, एक अख्खी कोंबडी, आणि मटणवाल्याकडून बोकडाची न चिरलेली थोडी वजडी व मागच्या पायाचा घोटा. कोंबडीवाल्याला आधीच सांगून ठेवा: पिसं काढा, पण कातडी सोलू नका, पोट साफ करू नका, मुंडी-पाय तोडू नका. सवयीने त्याचा हात चालतो आणि मिनिटभरात तुकडे पिशवीत पडतात, तेव्हा समोर उभं राहा.

अवयव बघायला बॉयलर चालते. हाडांचा संच करायचा असेल तर गावरान, तीही जून. बॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिच्या हाडांची टोकं अजून कूर्चेची, म्हणजे मऊ चिवट असतात आणि शिजवली की गळून पडतात.

हत्यारं साधीच: एका पात्याचं टोक बोथट असलेली कात्री, छोटी सुरी, चिमटा, परात, हातमोजे, मोजपट्टी. सुरीपेक्षा कात्री बरी, कारण बोथट टोक आतल्या बाजूला ठेवलं की खालचा अवयव फाटत नाही. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर साल्मोनेलासारखे जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. काम दोन तासांत उरका आणि हात साबणाने नीट चोळून धुवा.

विच्छेदनावर बंदी आहे ना?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतलं विच्छेदन बंद करायला सांगितलं. खाण्यासाठी बाजारात आलेला मासा उघडून बघणं ही वेगळी गोष्ट आहे. बेडूक, सरडा, साप पकडून आणू नका. ते बेकायदा ठरू शकतं आणि गरजेचंही नाही.

बांगडा कसा उघडायचा आणि काय काय ओळखायचं?

डोकं डावीकडे करून आडवा ठेवा. गालावरचं झाकण मुळापासून कापून काढा. खाली लाल झालरीचे कल्ले दिसतील, एकेका बाजूला चार कमानी. एक कमान सुटी करून पाण्यात धरा. मागच्या बाजूला लाल तंतू असतात, त्यांतून श्वसन चालतं. पुढच्या बाजूला फणीसारखे लांब पांढरे दात असतात, ते गाळणीचं काम करतात. बांगड्यात हे दात इतके लांब असतात की तोंड उघडलं की बाहेरूनच दिसतात. तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. शेजारी सुरमई ठेवून बघा: मासे धरून खाणाऱ्या सुरमईला ही फणी जवळजवळ नाहीच, धारदार दात मात्र आहेत.

मग शौचद्वारात कात्री घालून पोटाच्या मध्यरेषेने गळ्यापर्यंत या. नेहमीची चूक म्हणजे कात्री खोल जाते, आतडं फुटतं आणि सगळं बरबटतं. टोक वर उचलून धरा. यकृत, बोटाएवढं जठर, त्याच्या शेवटाशी बारीक बोटांचा गुच्छ (हा आतड्याचाच भाग, पचनाची जागा वाढवणारा), आणि हंगामात गाभोळी. सगळं बाहेर काढल्यावर कण्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली लाल-काळी रेघ उरते. साफ करताना ती रक्त म्हणून खरवडली जाते, पण ते मूत्रपिंड आहे.

हृदय पोटात शोधाल तर सापडणार नाही. ते पार गळ्याशी, कल्ल्यांच्या खाली असतं: डाळिंबाच्या दाण्याएवढा गडद त्रिकोण आणि त्याला लागून एक पांढुरका फुगवटा.

माशाच्या हृदयाला दोनच कप्पे, आपल्याला चार. म्हणजे मासा मागासलेला?

मागासलेला म्हणण्यात अर्थ नाही, त्याचं काम दोन कप्प्यांत भागतं. रक्त हृदयातून कल्ल्यांत जातं, तिथून थेट अंगभर फिरून परत येतं. एकच फेरी. कल्ल्यांच्या बारीक जाळीतून जाताना रक्ताचा दाब उतरतो, पण पाण्यात तरंगणाऱ्या, थंड रक्ताच्या प्राण्याला तो पुरतो.

कोंबडीचं हृदय आडवं मधोमध कापा. डाव्या जवनिकेची (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड दिसेल, आणि उजवा कप्पा तिला चंद्रकोरीसारखा बिलगलेला. डावीला रक्त अंगभर ढकलायचं असतं, उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत. फेऱ्या दोन झाल्या, दाब वेगवेगळा ठेवता आला. कोंबडीचं तापमान ४१ अंशांच्या वर असतं, ती भट्टी पेटती ठेवायला हा बंदोबस्त लागतो.

आता खरी गंमत. पक्ष्यांना चार कप्पे आणि सस्तनांनाही चार, पण दोघांनी ते स्वतंत्रपणे मिळवले. महारोहिणी बघा: पक्ष्यात ती उजवीकडे वळते, बोकडात आणि माणसात डावीकडे. कमानींची जोडी जुनी, दोन्ही बाजूंची. एका घराण्याने उजवी ठेवली, दुसऱ्याने डावी.

(जाता जाता: मराठीत धडधडतं ते काळीज, आणि दुकानात ‘कलेजी’ मागितली की मिळतं यकृत. पंचनामा लिहिताना हृदय आणि यकृत हेच शब्द वापरा, नाहीतर घोळ होतो.)

कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा ही शीर आहे का?

नाही. ते आतडं आहे, आणि काळं दिसतं ते त्यातल्या अर्धवट पचलेल्या अन्नामुळे. चेतारज्जू बघायचा तर कोळंबी उलटी करा. पोटाकडून कवच काढल्यावर मध्यरेषेत एक बारीक पांढरा धागा सापडतो, प्रत्येक खंडात त्याला एक गाठ. हृदय मात्र पाठीकडे, डोक्यामागच्या कवचाखाली.

आपल्यात याच्या बरोबर उलट: चेतारज्जू पाठीत, हृदय आणि आतडं पोटाकडे. एत्येन जॉफ्रॉय सँ-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२२ मध्ये कोळंबीचा मोठा भाऊबंद लॉबस्टर उताणा करून दाखवला आणि म्हटलं, नकाशा एकच आहे, फक्त उलटा धरलाय. त्याची पुष्कळ टर उडाली. १९९० च्या दशकात कळलं की पाठ आणि पोट कुठे घडायचं हे सांगणारी जनुकं माशीत आणि बेडकात एकाच जातकुळीची आहेत, फक्त विरुद्ध बाजूंना काम करतात. दीडशेहून जास्त वर्षांनी त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं ठरलं.

कोळंबीचे पायही मोजा. चालायचे पाच जोड, मागे पोहायचे पाच जोड, शिवाय जबड्याशी आणि मिशांच्या रूपात आणखी. एकाच धाटणीची उपांगं, कुठे चावायला, कुठे चालायला, कुठे वल्ह्यासारखी. नवा अवयव बऱ्याचदा असाच येतो: जुन्याची आणखी एक प्रत असते आणि ती दुसऱ्या कामाला लागते.

कोंबडीच्या पंखात हाताची हाडं कशी ओळखायची?

पंख शिजवून मांस काढा आणि हाडं कागदावर जागच्या जागी मांडा. खांद्याकडचा मांसल तुकडा म्हणजे दंड, एकच हाड. मधला चपटा तुकडा म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, दोन हाडं. आपल्या हातात इथली दोन्ही हाडं साधारण तोलामोलाची, कोंबडीत मात्र करंगळीच्या बाजूचं स्पष्ट जाड, कारण उडायची पिसं त्यावर रोवलेली असतात. टोकाचा तुकडा, जो आपण बहुधा फेकून देतो, तोच सगळ्यात बोलका. मनगटाची आणि तळहाताची हाडं एकजीव झालेली, आणि तीन बोटांचे अवशेष. पुढच्या कडेला छोटा सुटा उंचवटा असतो तो पहिल्या बोटाचा.

एक हाड, मग दोन, मग मनगटाचे खडे, मग बोटं. हाच क्रम बोकडाच्या पुढच्या पायात, वटवाघळाच्या पंखात, देवमाशाच्या वल्ह्यात आणि हे वाचताना फोन धरलेल्या हातात आहे. उडायला, धावायला आणि पोहायला कुणी वेगवेगळी यंत्रं आखली असती तर तिन्हींत हाच क्रम ठेवायचं काहीच कारण नव्हतं.

छातीही सोडू नका. छातीच्या मोठ्या तुकड्याखाली एक निमुळता, सहज सुटणारा तुकडा असतो. मोठा स्नायू पंख खाली मारतो, हा लहान पंख वर उचलतो. वर उचलणारा स्नायू खाली कसा? त्याची पांढरी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) खांद्याच्या तीन हाडांमधल्या भोकातून जाऊन दंडाच्या वरच्या अंगाला जोडलेली आहे, विहिरीच्या रहाटावरून दोर जावा तशी. तुकडा अर्धवट सोडवून ओढून बघा, पंख वर येतो. आमच्या मते सबंध कोंबडीत याच्याइतकी सुबक गोष्ट नाही.

कोंबडीचा गुडघा उलटा का वाकतो?

तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर, मांडी आणि तंगडीच्या सांध्यात, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. खवल्यांचा पिवळा भाग म्हणजे लांबलेलं पाऊल. कोंबडी जन्मभर चवड्यांवर चालते. तंगडीच्या हाडाला चिकटलेली सुईसारखी काडी, जी घशात अडकेल म्हणून मुलांना जपायला सांगतात, ते आपल्या पोटरीतलं दुसरं हाड. कोंबडीत ते खाली पोचतच नाही.

पोटाच्या आत काय आणि नेमकं काय बिघडतं?

गळ्याशी अन्नाची पिशवी, पुढे छोटं आम्लाचं जठर, मग पेटा. पेटा मधोमध चिरला की आत पिवळं कडक अस्तर आणि गावरान कोंबडीत खडे सापडतात. दात नाहीत, म्हणून दळायचं काम खडे आणि हा स्नायू करतात. पुढे आतडं, त्याच्या शेवटाशी दोन बंद फाटे, आणि शेवटी मूत्र, विष्ठा, अंडं सगळ्यांची एकच वाट.

इथे नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली: यकृत ओढताना हिरवं पित्ताशय फुटतं, सगळं हिरवं-कडू होतं आणि पुढचं काही ओळखता येत नाही. पित्ताशय आधी मुळाशी चिमटून वेगळं करा. दुसरी: फुप्फुसं नाहीतच असं वाटतं. ती बरगड्यांच्या खाचांत रुतलेली गुलाबी स्पंजासारखी असतात, बोटाने खरवडून काढावी लागतात. पक्ष्याची फुप्फुसं फारशी फुगत नाहीत. भात्याचं काम वेगळ्या पातळ हवेच्या पिशव्या करतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. या पिशव्या साबणाच्या फुग्यासारख्या असतात, पोट फाडताच नाहीशा होतात. तिसरी: अंडाशय एकच दिसलं की आपण दुसरं कापून टाकलं असं वाटतं. कोंबडीत डावंच वाढतं.

वजडीत कोणता तुकडा कशाचा?

हाताने ओळखता येतं. टर्किश टॉवेलसारखा खरखरीत तो सगळ्यात मोठ्या कप्प्याचा, जिथे चारा भिजत-आंबत पडतो. मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी म्हणजे दुसरा. वहीच्या पानांसारख्या घड्या तिसऱ्याच्या. आणि मऊ, बुळबुळीत, सैल चुण्यांचा चौथा. आपल्या जठराचा खरा जोडीदार हा चौथाच, आम्ल त्यातच सुटतं.

गवतातलं सेल्युलोज पचवायचं रसायन शेळीकडे नाही. पहिल्या कप्प्यातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे. शेळी त्यांना चारा, ऊब आणि ओलावा पुरवते आणि शेवटी चौथ्या कप्प्यात त्यांनाच पचवते. दूध पिणाऱ्या करडात पहिला कप्पा लहानसाच असतो, आणि दूध त्याला वळसा घालून एका खाचेतून थेट चौथ्यात जातं.

दोन प्राण्यांत साम्य दिसलं की ते नातेवाईक, असं धरायचं का?

नाही, इथेच बहुतेकांची गल्लत होते. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख, काम एक, पण एकात हाडं आहेत आणि दुसऱ्यात हाड नावालाही नाही. हे साम्य कामातून आलेलं. वटवाघळाचा पंख आणि बोकडाचा पाय, काम वेगळं, पण हाडांचा क्रम तोच. हे साम्य वारशाने आलेलं. नातं ठरतं ते दुसऱ्या प्रकारच्या साम्यावरून.

आपल्या मंदिरांच्या आवारातलं काळ्या तोंडाचं वानर हे झकास उदाहरण. पानं खाणाऱ्या या वानराच्या जठरालाही कप्पे आहेत आणि त्यातही सूक्ष्मजीव चारा आंबवतात. एवढंच नाही, त्या जिवाणूंना फोडणाऱ्या लायसोझाइम या विकरात गाईच्या विकरासारखेच काही बदल झालेले १९८७ मध्ये सापडले. तरी वानर गाईचा नातेवाईक ठरत नाही. दात, हात, डोळे आणि बाकीची जनुकं दुसऱ्याच घराण्याची साक्ष देतात. एका लक्षणावर निकाल देऊ नये तो यासाठी.

नैसर्गिक निवड नेमकी चालते कशी?

एका जातीच्या प्राण्यांत फरक असतात. त्यातले काही फरक पिल्लांत उतरतात. सगळ्यांना सारखी पिल्लं होत नाहीत. यातला एखादा फरक पिल्लांच्या संख्येवर परिणाम करत असेल, तर पुढच्या पिढीत तो फरक जास्त जणांत दिसतो. बस, एवढंच. फरक येतात जनुकांतल्या उत्परिवर्तनांतून, आणि ती गरज बघून होत नाहीत.

माणसाने हाताने केलेली निवड परातीतच आहे. १९५७, १९७८ आणि २००५ या काळातले कोंबड्यांचे वाण कॅनडात शेजारी शेजारी, एकच खाद्य घालून वाढवले. ५६ दिवसांनी १९५७ चा वाण सुमारे ९०० ग्रॅम, १९७८ चा १.८ किलो, २००५ चा ४.२ किलो. खाद्य तेच, म्हणजे फरक जनुकांचा. दर पिढीत जलद वाढणाऱ्यांनाच पुढे प्रजेसाठी ठेवलं, म्हणून हे झालं. आणि किंमतही मोजावी लागली: पाय वजन पेलत नाहीत, हृदय-फुप्फुसं पुरी पडत नाहीत आणि पोटात पाणी होतं. निवड एका गुणावर जोर देते तेव्हा बाकीचे फरफटतात.

निसर्गातलं मोजलेलं उदाहरण पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांमधल्या डॅफ्ने मेजर बेटाचं. १९७७ च्या दुष्काळात मऊ बिया संपल्या, मोठ्या कडक उरल्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची आधीपासून मोजून ठेवल्या होत्या. बहुतेक पक्षी मेले आणि वाचलेल्यांची चोच सरासरीने साधारण अर्धा मिलिमीटर जाड निघाली. पुढच्या पिल्लांतही ती जाडी उतरली. एकाही पक्ष्याची चोच त्याच्या हयातीत बदलली नाही. बदलली ती थव्याची सरासरी.

मग जिराफाने मान ताणली म्हणून लांब झाली, हे चूक?

चूक. ताणलेली मान पिल्लांना मिळत नाही, जसे पहिलवानाचे दंड मुलाला मिळत नाहीत. उत्तरपत्रिकेत ‘गरज पडली म्हणून अवयव निर्माण झाला’ हे वाक्य टाळा. ‘ज्यांच्यात तो होता त्यांची प्रजा वाढली’ असं लिहा.

मान मोजायचीच तर मणके मोजा. जिराफाच्या मानेत सात, बोकडाच्या सात, माणसाच्या सात. नवे मणके आले नाहीत, होते तेच लांबले. पक्ष्यांवर हे बंधन नाही, त्यांच्या मानेत मणके बरेच जास्त असतात.

या लांब मानेतच जुन्या वाड्याची सगळ्यात विनोदी वायरिंग आहे. मेंदूकडून स्वरयंत्राला जाणारी डावी चेता सरळ न जाता छातीत उतरते, महारोहिणीला वळसा घालते आणि परत वर येते. माशासारख्या पूर्वजांत ती कल्ल्याच्या रक्तवाहिनीमागून जायची, तिथे तोच जवळचा रस्ता होता. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं आणि चेता वाहिनीत अडकून लांबत गेली. जिराफात हा फेरा काही मीटरांचा होतो. माणसातही आहे, म्हणूनच छातीतल्या गाठीमुळे कधी कधी आवाज बसतो.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?

आजच्या माकडापासून माणूस झालेला नाही. नातं आजा-नातवाचं नाही, चुलत घराण्यांचं आहे. चिंपांझीचं आणि आपलं घराणं साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळं झालं, लाल तोंडाच्या माकडाचं आणि आपलं त्याच्या कितीतरी आधी. चुलत्याचं घर नांदतंय म्हणून आपलं घर खोटं ठरत नाही. थोडी अडचण भाषेची आहे: मराठीत माकड आणि वानर हे शब्द शेपटीवाल्या दोन प्राण्यांचे, आणि बिनशेपटीच्या चिंपांझी-गोरिलासाठी बोलीत शब्दच नाही.

माझ्या स्वतःच्या अंगावर बघण्यासारखं काही?

अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट किंचित आत वळवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उभी राहिली तर तो तळहाताचा लांब स्नायू. काहींना तो एकाच हातात असतो, काहींना अजिबात नसतो, आणि पकडीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. शस्त्रक्रियेत त्याची कंडरा काढून दुसरीकडे लावतात ती म्हणूनच. वर्गात सगळ्यांचे हात तपासा आणि तक्ता करा. जातीत फरक असतो म्हणजे काय, ते पाच मिनिटांत समजतं.

थंडीत अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक स्नायूंमुळे. मांजराचे केस फुलतात तेव्हा त्यात ऊब अडकते आणि समोरच्याला मांजर मोठं दिसतं. आपले केस गेले, स्नायू राहिला.

आणि डोळा. कागदावर आठ सेंटिमीटर अंतराने डावीकडे फुली, उजवीकडे ठळक ठिपका काढा. डावा डोळा मिटा, उजव्याने फुलीकडे बघा आणि कागद साधारण ३० सेंटिमीटरवर पुढेमागे करा. ठिपका गायब होतो. आपल्या दृष्टिपटलाच्या तारा पुढच्या बाजूला आहेत, त्या मागे न्यायला पटलात भोक पडलंय. माकुलाच्या (स्क्विडच्या) डोळ्यात तारा मागूनच निघतात, त्याला हा आंधळा ठिपका नाही.

अवशेषांग म्हणजे निरुपयोगी, असं मात्र लिहू नका. मूळ काम सुटलेलं, एवढाच त्याचा अर्थ. आंत्रपुच्छात रोगप्रतिकाराच्या पेशी भरपूर असतात.

देवमासा जमिनीवरून पाण्यात गेला, याला पुरावा काय?

बोकडाच्या मागच्या पायाच्या घोट्यातलं हाड काढा. सुपारीहून थोडं मोठं, वर आणि खाली दोन्हीकडे गाडीच्या कप्पीसारखी खाच. दुहेरी कप्पीचं हे हाड फक्त जोड-खुरांच्या घराण्यात सापडतं: शेळी, गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या प्राचीन, पाय असलेल्या देवमाशांच्या जीवाश्मांत हेच हाड निघालं. जनुकं आधीपासून देवमाशाला पाणघोड्याच्या शेजारी बसवत होती, हाडाने त्यावर शिक्का मारला.

२००७ मध्ये जम्मूतल्या कालाकोटच्या खडकातल्या इंडोहायस या मांजराएवढ्या खूरवाल्या प्राण्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं आतून जाड असल्याचं प्रसिद्ध झालं. कच्छमधला कच्छिसेटस हा आखूड पायांचा देवमासा याच मालिकेतला. आजच्या देवमाशात कमरेचं हाड मांसात सुटं तरंगतं, कण्याला जोडलेलं नसतं, पण नरात जननेंद्रियाचे स्नायू अजून त्याला धरून असतात.

महाराष्ट्रात जीवाश्म सापडतात का? आपला तर सगळा काळा दगड.

बेसाल्टच्या आत सापडत नाहीत, लाव्हाच्या दोन थरांमध्ये किंवा लाव्हाच्या खाली सापडतात. उद्रेक थांबलेल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात जीव पुरले गेले. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरातल्या चिमुकल्या बेडकाचं वर्णन ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. आज त्याचं नाव इंडोबॅट्रॅकस. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला लांब मानेच्या डायनोसोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळाली. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनोसोरांच्या काळात गवत नव्हतं, ही समजूत त्या शेणाने मोडली.

असं काही सापडलं तर उचलू नका. मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जागा नोंदवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. जागेवरून हललेल्या हाडाचा थर कळत नाही, आणि थर गेला की वय गेलं.

कोंबडीची हाडं जपून ठेवायला स्वच्छ कशी करायची?

कुकर नको. दोन शिट्ट्यांत पातळ हाडं भुगा होतात. रुंद पातेल्यात मंद आचेवर, उकळी न फुटू देता, दीड-दोन तास ठेवा. मांस हाताने आणि जुन्या दातघासणीने काढा. उजवा पंख, डावा पंख, पाय, मान, धड वेगवेगळ्या कापडी पुरचुंड्यांत बांधूनच शिजवा, नाहीतर मणके आणि बोटांची पेरं एकत्र झाली की जुळवणी अशक्य होते. मग कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. चरबी राहिली तर हाड महिन्याभरात पिवळं-चिकट होतं आणि मुंग्या लागतात.

पांढरं करायला औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, एक दिवस, झाकण सैल ठेवून. कपड्यांचं ब्लीच वापरू नका. ते हाडातलं कोलॅजेन (हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन) खातं आणि हाड खडूसारखं ठिसूळ होतं. सावलीत वाळवा. जोडायला पांढरा डिंक पुरतो, आणि चुकलं तर गरम पाण्यात सुटतो. झटपट चिकटणारा गोंद सुटत नाही, आणि पहिल्या खेपेला डावी-उजवी तंगडी हमखास उलटी लागते.

एक हाड वेगळं काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवा, रोज व्हिनेगर बदला. कॅल्शियम विरघळतं, कोलॅजेन उरतं आणि तंगडीचं हाड रबरासारखं वाकतं. बरणीवर तारीख घाला. पुन्हा वाळवलं की ते कडक होतं, पण आकार वाकवाल तोच राहतो.